खरजाची जवारी

परवा रात्री मी तंबोऱ्याची एक घोडी मारली. पंचम मोकळा, जोडीच्या दोन्ही तारा भरीव, आणि खरज तेवढा नाकात बोलत होता. पितळी तार जाड, तिचा हेलकावा मोठा. जोडीला चालतो तो घोडीचा उतार तिला चालत नाही. सूत मागंपुढं सरकवलं, कानस फिरवली, पुन्हा सूत, पुन्हा कानस. साडेदहाला बघतो तर घोडीला अंगच उरलं नव्हतं.

गंमत म्हणजे ज्या बाईंचा तंबोरा, त्या दुपारीच ऐकून ‘छान झालंय’ म्हणाल्या होत्या. त्यांचं झालं होतं. माझंच होत नव्हतं.

पुतण्याच्या हातून अशा चारपाच घोड्या गेल्या, मी कधी आवाज चढवला नाही. अब्बांनी माझ्यावर चढवला नव्हता. त्या रात्री स्वतःला मात्र जे बोललो, ते शेजारच्या दुकानातल्या पोराला बोललो असतो तर भांडण झालं असतं.

सकाळी पुतण्या म्हणाला, “चाचा, कानसेवर वजन टाकू नका, ती आपली आपण खाते.” वाक्य माझंच. त्याला पहिल्या वर्षी शिकवलेलं.

खरं कारण मला आधीच कळलं होतं. उन्हाळ्यात कानाच्या डॉक्टरांनी कागदावर रेघ काढून दाखवली: वरचे बारीक आवाज मला कमी येतात. म्हणजे जवारीच्या झंकाराचं जे टोक माझ्या कानातून गेलंय, ते मी घोडीत शोधत बसलो होतो. चौसष्टाव्या वर्षी हे कुणाला सांगायचं? मिरजेच्या तंतुवाद्यवाल्याचा कान गेला ही बातमी गल्लीत चहाच्या आधी पोचते.

आणि मिजास काही कमी नाही. मिरासाहेबांच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणी होतात, तिथं मी मागं बसतो. राग कुठला, गायलं कोण, विचारू नका. माझा खरज ऐकत असतो. 2024 साली इथल्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा पेढे मीही खाल्ले, पण मनात हेच, की जवारी लागते ती आमच्याच दुकानात. समोरच्याची जवारी उघडी असते, पण पोकळ. असं मी तीस वर्षं म्हणतोय. आता नीट ऐकू येत नसताना म्हणणं बरं नव्हे, तरी म्हणतो.

मोबाइलमधला तंबोरा उतरत नाही, पावसात सादळत नाही. गाणारी पोरं त्याच्यावर खूश. मला त्याचा राग येतो असं मी सांगतो. खरं तर हेवा वाटतो. त्याला खरज लावायला रात्र घालवावी लागत नाही.

हल्ली दिवे लागले की कानस फडक्यात गुंडाळतो. उरलेला खरज सकाळी. रात्रभर ताणावर राहिलेली तार सकाळी पुष्कळदा वेगळंच बोलते, हे मला चाळीस वर्षं ठाऊक होतं. थांबवत नव्हतं एवढंच. शेवटचा कान आता पुतण्याचा. तो डोळे मिटतो, तार छेडतो, म्हणतो, “बास, चाचा.” मी कानस खाली ठेवतो.

तो चहा आणायला गेला की हलकेच दोन हात मारतोच.