शिकवणाऱ्यांचं शिकणं

पाऊल टाकताच वर्ग चिडीचूप व्हावा, असा दरारा असलेले प्राध्यापकही संगणकापुढे बसले, की अवघडून जातात. कुठलं बटण दाबायचं, हे विचारायचं तरी कुणाला? कार्यालयातल्या कारकुनाला, की आपल्याच विद्यार्थ्याला? ज्याचं सारं आयुष्य उत्तरं देण्यात गेलं, त्याला साधा प्रश्न विचारणं फार जड जातं.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, महाविद्यालयांना कुलपं लागली आणि ही अडचण देशभर एकदमच उघडी पडली. घरोघरी मुलगा किंवा मुलगी फोन धरून उभी, आणि बाबा भिंतीपाशी उभे राहून शिकवताहेत! समोर मुलांचे चेहरे नाहीत, नुसती नावं. ‘ऐकू येतंय ना?’ असं दहादा विचारूनही पलीकडे शांतता. आता आपला काळ संपला, असं त्या दिवसांत कितीतरी चांगल्या शिक्षकांना वाटून गेलं.

खरं तर शिक्षकांना या वाटेवर हात धरून नेण्याचे प्रयत्न आपल्याकडे आधीच सुरू झाले होते. केंद्र सरकारने २००९ मध्ये माहिती तंत्रज्ञानातून शिक्षणाचं राष्ट्रीय मिशन सुरू केलं. त्याच्याच आधाराने पवईच्या आयआयटीत डॉ. दीपक फाटक यांच्या पुढाकाराने दहा हजार शिक्षकांना प्रशिक्षण देण्याची योजना उभी राहिली. तिची रीत मोठी समजूतदार होती. देशभरच्या महाविद्यालयांत केंद्रं नेमायची, तिथल्या समन्वयकांना आधी तयार करायचं आणि मग शिक्षकांनी आपल्या जवळच्या केंद्रात जमायचं. व्याख्यान पवईहून थेट, प्रात्यक्षिकं मात्र केंद्रातच. त्यामुळे अडखळणारा शिक्षक एकटा नसे. शेजारी बसलेले सहकारीही त्याच्यासारखेच अडखळत असत. सगळ्यांनाच येत नाही म्हटल्यावर लाज कसली?

पुढे २०१७ मध्ये ‘स्वयं’ हे व्यासपीठ आलं आणि २०१८ मध्ये त्यावरच प्राध्यापकांसाठी ‘अर्पित’ हे उजळणी अभ्यासक्रम सुरू झाले. इथे प्राध्यापकच ऑनलाइन विद्यार्थी बनले! तासभर पडद्याकडे बघताना डोळे कसे मिटू लागतात, हे स्वतः अनुभवलं, की मुलांसाठी तासभराचं भाषण करावंसं वाटत नाही. ‘स्वयं’च्या अभ्यासक्रमाचे भागही चार: चित्रफीत, वाचनसाहित्य, स्वतःची परीक्षा आणि शंकांची चर्चा. भाषण त्यातला केवळ एक भाग.

प्रशिक्षण फसतं ते नेमकं इथेच. तरुण प्रशिक्षक भराभर वीस बटणं दाखवतो. समोरचे माना हलवतात, घरी गेल्यावर मात्र काहीच आठवत नाही. त्याऐवजी आधी विचारावं, ‘सर, तुमच्या विषयात मुलं कुठे अडतात?’ मग त्या एका अडचणीपुरतं एकच साधन शिकवावं. माउस त्यांच्या हातातून काढून घेऊ नये. चुकू द्यावं, पुन्हा करू द्यावं. खऱ्या तासाआधी दोन-तीन सहकाऱ्यांसमोर एक रंगीत तालीम करून घ्यावी.

त्यांच्या अनुभवाचा मान राखणंही तितकंच महत्त्वाचं. मुलांचे डोळे वाचून ‘हे समजलं नाही’ असं ओळखणं, ही जुन्या शिक्षकांची खरी पुंजी. पडद्यावर डोळे दिसत नाहीत, म्हणून दर दहा मिनिटांनी एखादा छोटा प्रश्न टाकायचा, एखाद्याला नावाने हाक मारायची. ज्या मुलाच्या गावात नेटवर्क नाही, त्याच्यासाठी टिपणं आणि छोटी ध्वनिफीत पाठवायची. हे एकदा उमगलं, की बटणं शिकायला वेळ लागत नाही.

तुमच्याही घरात कुणी शिक्षक असतील. त्यांनी तीच गोष्ट चौथ्यांदा विचारली, तर ‘आत्ताच तर सांगितलं’ असं म्हणू नका. वर्गात त्यांनी कुणाकुणाला चौथ्यांदाच नव्हे, चाळीस वेळाही समजावलं असेल.