अंड्यात बुडवलेला पाव

चि. बंड्यास,


परवा फोनवर तू म्हणालास, "ताई, वकील म्हणतायत चिकूला तयार करा. जजसाहेबांनी चेंबरमध्ये बोलावलं की एवढंच म्हणायचं, मला पप्पांकडे राहायचंय." मी हूं हूं करून फोन ठेवला. बोलले असते तर भांडणच झालं असतं. म्हणून लिहितेय.

काल रात्री झोप येईना, तर 'क्रेमर व्हर्सेस क्रेमर' पुन्हा पाहिला. १९७९ सालचा, रॉबर्ट बेंटनचा. न्यूयॉर्कमधला जाहिरात कंपनीतला टेड, म्हणजे डस्टिन हॉफमन, रात्री उशिरा घरी येतो, तर बायको जोआना बॅग भरून निघालेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलासाठी फ्रेंच टोस्ट करायला घेतो. कपातच अंडं फोडतो, कवच आत पडतं. पाव कपात मावत नाही, म्हणून दुमडून कोंबतो. शेवटी हात भाजतो आणि तोंडातून शिवी निघते. शाळेत सोडताना मुलालाच विचारतो, तू कितवीत आहेस? रागावू नकोस, पण मला तूच आठवलास. चिकूच्या लसीचं कार्ड कुठल्या कप्प्यात असतं, हे घर मोडेपर्यंत तुला माहीत नव्हतं. आता माहीत आहे, तेही मला दिसतं.

वर्ष उलटून गेल्यावर जोआना परतते आणि मुलाचा ताबा मागते. कोर्टातला तो भाग मी दोनदा पाहिला. मुलगा बागेत जंगलजिमवरून पडलेला असतो, टेडनं त्याला उचलून रस्त्यातून धावत दवाखाना गाठलेला असतो. तीच गोष्ट तिचा वकील बापाचा हलगर्जीपणा म्हणून मांडतो. नंतर ती टेडची माफी मागते. आपण सहज बोललेलं तो असं वापरेल, याची तिला कल्पना नव्हती. आणि टेडचा वकील? तो तिला विचारत राहतो, आयुष्यातल्या सगळ्यांत महत्त्वाच्या नात्यात तुम्ही अपयशी ठरलात की नाही? तिचे डोळे भरतात, नजर टेडकडे जाते. टेड हळूच मान हलवून 'नाही' म्हणतो. आपल्याच वकिलाच्या विरुद्ध! जोआनाचं कोर्टातलं म्हणणं ती भूमिका करणाऱ्या स्ट्रीपनं स्वतः नव्यानं लिहिलं होतं, म्हणून असेल, पण तिची बाजू ऐकल्यावर तिला खलनायिका म्हणता येत नाही. चिकूची आईही तशी नाही. तुला हे आवडणार नाही, तरी लिहितेय.

निकाल आईच्या बाजूनं लागतो. अपील करता येईल, पण मुलाला साक्षीला उभं करावं लागेल, असं वकील सांगतो. टेड नको म्हणतो. एवढा लढलेला बाप तिथं थांबतो. (आपल्याकडे यावरून १९९५ साली 'अकेले हम अकेले तुम' काढला, त्यात शेवटी आमिर आणि मनीषाचं जुळवूनच दिलं. चालायचंच.)

तू म्हणतोस, कायदा बायकांचाच. अरे, १९५६ च्या हिंदूंच्या पालकत्वाच्या कायद्यात नैसर्गिक पालक म्हणून आधी वडीलच लिहिलेत. पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे असावं, एवढंच. चिकू सात वर्षांचा आहे. त्याच्या बाबतीत सगळ्यात आधी बघायचं ते त्याचं हित. मुलाला समज असेल तर त्याची पसंती विचारात घेता येते, हे १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्यात आहे, आणि तेच तुझे वकील धरून बसलेत. पण ती पसंती चिकूची हवी ना? तू घोकून घेतलेली कशी चालेल?

रविवारी त्यानं मला फोनवर काय विचारलं माहितीये? "आत्या, चुकलं तर परत बोलू देतात का?" मी म्हटलं, देतात रे राजा. मग बराच वेळ मला काही सुचेना.

सिनेमाच्या शेवटी, मुलाला न्यायला आई येणार त्या सकाळी, बाप-लेक पुन्हा फ्रेंच टोस्ट करतात. कुणी फारसं बोलत नाही. कुणाच्या हातात कधी काय द्यायचं ते दोघांना पाठ झालेलं असतं.

या शनिवारी चिकू तुझ्याकडे येईल तेव्हा कोर्टाचा विषय काढू नकोस. त्यालाच अंडी फोडू दे, कवच पडलं तर काढ. आणि सोमवारी वकिलांना फोन करून सांग, मुलाला आम्ही काही शिकवणार नाही.

तुझी,
ताई

ता. क. पाव आदल्या दिवशीचा घे. ताजा असला की अंड्यात फुटतो.