मुरूम, काटे आणि पालखेड

पुणतांबा, सकाळचे साडेसहा. फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा मुद्दाम निवडला. बाजीराव पेशवा आणि निजाम यांच्यातली पालखेडची लढाई याच दिवसांतली, 28 फेब्रुवारी 1728. नदीला पाणी किती उरतं, विहिरी किती खोल जातात, तहान किती लागते, ते त्याच ऋतूत बघावं म्हटलं. पण अहिल्याबाईंच्या घाटावर उभा राहिलो तर गार वारा असा, की मोज्यांवर मोजे चढवले. अशा वेळी तहान कुणाला आठवते? वजन नको म्हणून दुसरी पाण्याची बाटली मुक्कामाच्या घरी ठेवून दिली. शहाणपणाचं वाटलं होतं.

*

माझ्या सायकलीला ग्रॅव्हल बाइक म्हणतात. हँडल शर्यतीच्या सायकलीसारखं खाली वळलेलं, टायर मात्र चाळीस मिलिमीटर रुंद आणि खरबरीत. डांबरावर पळावी आणि मुरमावरही रडू नये, अशी मधली जात. अमेरिकेत कॅन्सास राज्यातल्या एम्पोरिया गावी 2006 पासून कच्च्या रस्त्यांवरची दोनशे मैलांची शर्यत होते. तिथल्या टेकड्यांतली गारगोटी टायर कापते म्हणून लोक धास्तावलेले असतात. आपल्याकडे ते काम वेडी बाभूळ करते, आणि त्यासाठी प्रवेश फी लागत नाही.

*

निघण्याआधी चांगदेवांच्या समाधीला. वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन चांगदेव भेटीला निघाले आणि समोरून ज्ञानेश्वर भावंडांसह भिंतीवर बसून आले, ही कथा कुणाला सांगायला नको. वाहनाचा तोरा उतरवणारी दुसरी इतकी चांगली गोष्ट मला माहीत नाही.

देवळाबाहेर एक आजोबा सायकलीभोवती फिरले. किंमत विचारली. सांगितली.

"आन् मोटर कुठं हाये हिला?"

"मोटर नाही बाबा, पायानंच."

"मंग येवढं पैकं कशाचं?"

वाघावरून उतरल्यासारखं वाटलं.

*

कोपरगावकडे डांबरी सोडून जमेल तिथे चारीच्या कडेनं गेलो. मुरूम टाकलेला तुकडा आला की टायर कुरकुरतो आणि मजा येते. काळ्या मातीचा ओला तुकडा आला की चाक जाड होत जातं आणि शेवटी फिरायचंच थांबतं. चिखल काडीनं उकरावा लागतो. दोन्ही बाजूंना ऊस. नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यातून निघालेल्या गोदावरीच्या दोन कालव्यांची ही करणी. साकरवाडीचा कारखाना 1939 चा, म्हणजे तिकडे दुसरं महायुद्ध पेटत होतं तेव्हा इकडे उसाचं पीठ मांडलं जात होतं. ऊस भरलेल्या दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर समोरून आला की चारीत उतरावं लागतं. वाद घालण्यात अर्थ नसतो.

या हिरव्या भिंतींतून जाताना 1728 चा मुलूख डोळ्यांपुढे येतच नाही. कालवा मनातून पुसावा लागतो, ऊस पुसावा लागतो. मग उरतं ते नदीचं पात्र, काही विहिरी आणि त्यांच्यामधलं अंतर.

*

कोपरगाव बेट. इथे शुक्राचार्यांचं मंदिर आहे आणि कचेश्वराचं. देव-दानवांच्या युद्धात मेलेले दानव शुक्राचार्य संजीवनी मंत्रानं उठवायचे. तो मंत्र काढून आणायला देवांनी कचाला शिष्य म्हणून पाठवलं. या खोऱ्यातली ही पहिली लढाई म्हणायची, आणि तिचा निकालही तलवारीनं लागला नाही. मेलेली माणसं परत रणात उभी राहणं, म्हणजे एका बाजूची कुमक कधीच न संपणं. कच कुमकेच्या मुळावरच गेला.

*

राघोबादादा याच कोपरगावात वारले, 1783 साली. सालबाईच्या तहानंतर महिन्याला पंचवीस हजारांच्या नेमणुकीवर इथे येऊन राहिले होते. अटकेपर्यंत गेलेला माणूस आणि अखेर गोदाकाठचा वाडा. त्याआधी वीस वर्षं, 10 ऑगस्ट 1763 ला, हीच नदी खाली राक्षसभुवनला त्यांच्या बाजूनं लढली होती. शत्रू निजामअली उत्तर काठावर पोचला होता, त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर दक्षिण काठावर राहिला, मध्ये श्रावणातली भरलेली गोदावरी. विठ्ठल सुंदर मारला गेला. पलीकडून त्याच्या मदतीला कुणी येऊ शकलं नाही.

ही गोष्ट लोक हौसेनं सांगतात. कोपरगावची दुसरी एक आहे, ती कुणी सांगत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला पेशव्यांचा सरसुभेदार बाळाजी लक्ष्मण यानं भिल्लांच्या मोठ्या जमावाला इथे बोलावून घेतलं, दग्यानं धरलं आणि दोन विहिरींत टाकून मारलं. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरमध्ये हे दोन ओळींत आहे. युद्धाचा इतिहास म्हणून आपण ज्या वाटा फिरतो, त्यात या विहिरी धरायच्या की नाहीत? मी धरतो.

*

दुसरा दिवस. गोदावरीच्या पुलावर सायकल थांबवून पाण्याकडे पाहिलं. पात्र रुंद, धार अरुंद.

पालखेडची स्वारी शाळेत एका वाक्यात संपते, म्हणून जरा सविस्तर लिहून ठेवतो. 1727 च्या पावसाळ्याच्या शेवटी बाजीराव पुण्याहून निघाला आणि गोदावरी ओलांडून जालना-सिंदखेडच्या बाजूला निजामाचा मुलूख लुटत सुटला. तिथून खानदेश, तिथून गुजरात. निजाम मागे लागला तो लागलाच नाही म्हणायचा. तो उलट पुण्याला जाऊन बसला आणि शाहूंच्या जागी कोल्हापूरच्या संभाजींना छत्रपती म्हणून पुढे करू लागला. पुणं सोडवायला बाजीराव पुण्याला आलाच नाही. त्यानं औरंगाबादच्या दिशेनं चाल केली. राजधानीच धोक्यात आलेली पाहून निजामाला पुणं सोडून उत्तरेला धावावं लागलं, आणि धावायचं म्हणून त्यानं जड तोफखाना मागे ठेवला. गोदावरी ओलांडून तो वैजापूरच्या बाजूला आला. पालखेडजवळ मराठ्यांनी त्याला चहूकडून घेरलं. चारा बंद, दाणा बंद, पाणी बंद. मोठी हातघाई झालीच नाही. 6 मार्चला मुंगी-शेवगावचा तह झाला. शाहूंचे चौथाई-सरदेशमुखीचे हक्क निजामानं मान्य केले आणि संभाजींची बाजू सोडली.

घोड्यावरून न उतरता हातावर कणसं चोळून खाणारे मराठे, वगैरे वर्णनं आपल्याला फार आवडतात. मला त्या स्वारीत आवडतो तो नकाशा. कुठल्या गावाला विहीर आहे आणि कुठल्या नाही, हे ज्याला ठाऊक, त्याला फार लढावं लागत नाही.

*

वैजापूरच्या वाटेवर समृद्धी महामार्ग आडवा येतो. वर ताशी एकशेवीसनं गाड्या. सायकलला वर मज्जाव, म्हणून खालच्या बोगद्यातून गेलो. तिथे सावलीला दोन शेळ्या आणि एक झोपलेला राखणदार. वरून जाणाऱ्यांना खाली नदीचं खोरं आहे हे कळतही नसेल. ताशी पंधरा-सोळाच्या चालीनं मात्र प्रत्येक ओढा कळतो, प्रत्येक चढ मांडीला कळतो. घोडदळाचीही दिवसाकाठची चाल माझ्यापेक्षा फार वेगळी नसणार.

*

साडेअकरा. पुढचं चाक बसलं. काटा काढला, टायरातलं पांढरं द्रावण फसफसून बाहेर आलं, भोक बुजलं. अर्ध्या तासानं मागचं चाक. हे बुजेना. आत ट्यूब घालावी लागली. पंप मारून होईपर्यंत बाटली संपली, आणि दुसरी पुणतांब्याला होती. तेव्हा एकदम हसू आलं. वेग हवा म्हणून जड सामान मागे ठेवून नदी ओलांडणारा या खोऱ्यात मी पहिला नव्हे.

एका वस्तीवर गेलो. ओट्यावर तूर निवडत बसलेल्या मावशींनी काही न विचारता तांब्या पुढे केला. दोन तांबे प्यालो, मग बाटली भरली.

"उन्हाचं कशाला हिंडता भाऊ? कोणत्या कंपनीचं काम हाये का?"

"काम नाही मावशी. पालखेडला चाललोय, लढाई झाली ती जागा बघायला."

"कवा झाली?" त्यांनी काळजीनं विचारलं.

*

दुसऱ्या महायुद्धात वाळवंटी लढाया लढलेला फील्डमार्शल माँटगोमेरी यानं युद्धांच्या इतिहासावरच्या 1968 च्या ग्रंथात पालखेडची स्वारी हालचालींच्या डावपेचांचा उत्तम नमुना म्हणून वाखाणली. मराठी भाषणांत हा दाखला हमखास येतो, बहुधा टाळीसाठी. पण त्याला ती का दिसली असावी, हे तहानलेल्या माणसाला चटकन कळतं. वाळवंटात पाणी आणि पेट्रोल कुठवर पोचतं, यावर सैन्य कुठवर जाणार ते ठरतं.

*

पालखेड. शेतं. हरभरा निघालेला, कांदा उभा. बांधावर बसून भाकरी खाल्ली. रणांगण बघायला येणाऱ्याच्या तोंडावर पडावं असं काही भव्य इथे नाही, आणि ते बरंच आहे. घेरा घालून जिंकलेल्या लढाईची खूण जमिनीवर राहायची कशी?

*

पुणतांब्याला परत, संध्याकाळ. बाटली ओट्यावर जशीच्या तशी.

या गावाचं नाव अलीकडे गाजलं ते 1 जून 2017 च्या शेतकरी संपानं. ग्रामसभेत ठराव झाला, मग दूध आणि भाजीपाला शहरांकडे पाठवायचा नाही असं ठरलं, आणि ते राज्यभर पसरलं. त्याच महिन्यात सरकारला 34 हजार कोटींची कर्जमाफी जाहीर करावी लागली. ती किती जणांच्या खात्यात नीट उतरली, यावर गावोगाव अजून वाद होतो. संपाच्या दिवसांत रस्त्यावर ओतलेल्या दुधाची चित्रं बघून शहरातले लोक हळहळले, मीही त्यांतलाच. आज दोन दिवस त्या वाटांवर फिरल्यावर एवढंच वहीत लिहितो की रसद तोडण्याची विद्या या खोऱ्याला जुनी आहे. घोड्यावरचे लोक वापरायचे, तेव्हा आपण तिला युद्धनीती म्हणत होतो.

*

कुणाला जायचं असेल तर: फेब्रुवारीतच जा, दोन बाटल्या घ्या, दोन ट्यूब घ्या. आणि नकाशात नुसतं पालखेड शोधू नका. तो रस्ता नाशिक जिल्ह्यात दिंडोरीकडे नेतो आणि तिथे धरण आहे, पाणी मुबलक. लढाईचं पालखेड वैजापूर तालुक्यातलं.