मुठीचे बळ मनगटाच्या मागे

माझी आई ८१ वर्षांची असताना तिच्या हातून चहाचा कप वारंवार निसटू लागला. "जरा लक्ष देऊन धर ना," असे मी दोनदा म्हणालो. तिसऱ्या वेळी ती शांतपणे म्हणाली, "लक्ष आहे रे, हातच धरवत नाही." तेव्हा कुठे मी, डॉक्टर असलेल्या मुलाने, तिचा हात तपासला.

वाचकहो, एक साधा प्रयोग करून पाहा. मनगट तळहाताच्या बाजूस पूर्ण वाकवा आणि मूठ आवळा. ती सैलच राहील. आता मनगट किंचित मागे उचलून पुन्हा आवळा. मूठ घट्ट बसेल. बोटे मिटवणारे स्नायू कोपराखालच्या हातात पुढील बाजूस असतात. मनगट पुढे झुकले की त्यांचा ताण जातो. ते मागे सावरून धरतात पाठीमागचे स्नायू. त्यांपैकी एकाचे नाव 'एक्स्टेन्सर कार्पी रेडिॲलिस ब्रेव्हिस'. कोपराच्या बाहेरील हाडाच्या उंचवट्यावर तो उगम पावतो आणि मधल्या बोटाच्या रेषेतील तळहाताच्या हाडाच्या बुडाशी जोडला जातो.

आईला नेमके त्या उंचवट्यावर दाबताच कळ आली. टेनिस कधीही न खेळलेल्या माझ्या आईला 'टेनिस एल्बो' झाला होता. कपडे हाताने पिळण्याचा तिचा हट्ट त्यामागे होता. पिळणे थांबवले, वस्तू दोन्ही हातांनी आणि तळहात वर ठेवून उचलायला सांगितले, फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली हलका व्यायाम सुरू केला. आराम पडायला काही महिने लागले; या दुखण्यात धीर धरावाच लागतो.

मात्र मनगट वेदनेशिवाय अचानक लुळे पडले, तर वाट पाहू नये. खुर्चीच्या पाठीवर हात टाकून झोपल्याने मज्जातंतू दबूनही असे होते. पण तो पक्षाघातही असू शकतो. तो निर्णय घरी न करता त्याच क्षणी रुग्णालय गाठावे. सोबत तोंड वाकडे झाले किंवा बोलणे अडखळू लागले, तर एक मिनिटही दवडू नये.

घरातील ज्येष्ठांच्या हातून काही पडले, तर रागावण्यापूर्वी त्यांचा हात आपल्या हाती घ्या. मला ते तिसऱ्या कपानंतर सुचले. तुम्हाला पहिल्याच वेळी सुचावे.