आत्याचे चकाकणारे शब्द

दिवाळीच्या सुटीतला अभ्यास हा एक सनातन जुलूम आहे. माझी नात तिसरीत आहे. तिला शाळेने सांगितले, 'जी' आणि 'एल' या अक्षरांनी सुरू होणारे दहा इंग्रजी शब्द अर्थांसह लिहून आणा. परवा सांगलीच्या आमच्या घरी चिवड्याचे पोहे उन्हात घातले होते आणि ही चिमुरडी त्यांच्याशेजारी पेन्सिल चावीत बसली होती. 'ग्लास' आणि 'ग्लोब' यांच्यापुढे गाडी हलेना.

"आजोबा, सांगा ना!"

आणि मी एका दमात सुरू झालो : ग्लो, ग्लीम, ग्लिटर, ग्लिमर, ग्लेअर, ग्लॉस... पोर माझ्याकडे पाहतच राहिली. साठ वर्षांपूर्वी पाठ झालेले शब्द होते ते. पण कोणा मास्तरांनी नव्हे, इंग्रजी शाळेची पायरीही न चढलेल्या माझ्या आत्याने ते शिकवले होते.

तेव्हा आम्ही साताऱ्याला, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी एका जुन्या वाड्यात राहत होतो. पहिलीपासून इंग्रजी महाराष्ट्रात आले ते २००० साली. आमची एबीसीडी पाचवीत सुरू झाली. वडिलांची शिस्त अशी, की रोज दहा शब्द स्पेलिंगसह पाठ करायचे आणि ते म्हणून दाखवल्यावरच पानावर बसायचे. मी ओसरीवर घोकत बसे आणि आत्या माजघरात तांदूळ निवडता निवडता ऐके. विसाव्या वर्षी विधवा होऊन ती माहेरी परतली होती. शिक्षण मराठी चौथी. ऐकून ऐकून तिला अक्षरे आली. मग माझी चार रेघांची जुनी वही तिने मागून घेतली आणि मागच्या कोऱ्या पानांवर शब्द उतरवू लागली. तेही धड्याच्या क्रमाने नव्हे. तांदळासारखे निवडून, सारख्या अक्षरांचे शब्द एका जागी!

"अरे, गंमत बघ," ती एकदा म्हणाली, "नाकाचे शब्द सगळे एस-एनचे. स्नीझ म्हणजे शिंकणं, स्नोअर म्हणजे घोरणं आणि स्नफ म्हणजे तपकीर!"

मी पाहिले, तर खरेच की! दिवाळीत पणत्यांत तेल घालताना तिला दुसरा शोध लागला. "जी-एलचे शब्द चकाकतात बघ. आपल्याकडे झगमग, झळाळी, झिलई, झुंबर हे कसे 'झ'चे? तसं त्यांचं जी-एल."

मला आपली विद्वत्ता दाखवायची होती. "मग ग्लू म्हणजे डिंक, तो कुठं चकाकतो? आणि ग्लूम म्हणजे तर काळोख!"

ती क्षणभर थांबली. "असू दे," म्हणाली, "भरल्या घरातही एखादं माणूस अंधारात असतंच."

त्याच भाऊबीजेला पाहुण्यांनी घर भरले होते. कोणीतरी आग्रह केला, म्हणून आत्याने लाजत लाजत वही आणली आणि वाचू लागली. 'ग्लिस्टेन' असा उच्चार तिने केला मात्र, मी मोठ्याने ओरडलो, "आत्या, त्यातला टी मुका असतो! ग्लिसन म्हणायचं, ग्लिसन!" सगळे हसले. तीही हसली. पण त्या दिवसानंतर ती वही तिच्या हातात मला दिसली नाही. त्या वेळी मला त्याचे काहीच वाटले नाही.

पुढे पोटासाठी मी सांगलीला आलो. तसे हे परके गाव नव्हते. साताऱ्याजवळ माहुलीला जी कृष्णा, तीच पुढे इथे येते. जिल्हाही १९४९ पर्यंत पुष्कळसा एकच होता; त्या साली दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. मला कारकुनी मिळाली ती एका हळदीच्या अडत्याच्या पेढीवर. सौद्याच्या दिवशी घरी येई तो केसांपासून चपलांपर्यंत पिवळा होऊन! एकदा आत्या आमच्याकडे राहायला आली होती. माझा सदरा झटकताना तिची बोटे पिवळी झाली. हळदीकुंकवाच्या दिवशी जन्मभर माजघरात बसलेली बाई ती. क्षणभर तिने बोटांकडे पाहिले आणि घाईघाईने मोरीवर जाऊन हात धुतले.

आत्या गेली. निवृत्तीनंतर मला वाचनालयाचा नाद लागला, आणि तिथे कळले, की आत्याला जे दिसले होते त्याला शास्त्रात नावदेखील आहे. १९१९ ते १९२८ या काळात लाहोरला इंग्रजी शिकवणारे जे. आर. फर्थ नावाचे एक भाषाशास्त्रज्ञ होते. एकाच अर्थाकडे झुकणाऱ्या अशा ध्वनींना त्यांनी १९३० साली 'फोनेस्थीम' म्हटले. मग व्युत्पत्तीचा कोश उघडला. ग्लो, ग्लास, गोल्ड, येलो ही सारी भावंडे पंडितांनी एकाच प्राचीन धातूपाशी नेली आहेत. त्याचा अर्थ चमकणे, पिवळे असणे. संस्कृतातले हिरण्य त्याच घरातले, आणि पिवळा या अर्थाचा 'हरि' हा शब्दही. त्या हरीवरून हरिद्रा झाली, आणि हरिद्रेची हळद!

मी कोश मिटून कितीतरी वेळ तसाच बसून राहिलो. जगाने जी हळद तिच्या हाताला लागू दिली नाही, तिचेच गणगोत ती वहीत गोळा करीत होती. आणि ती वही मी बंद पाडली होती.

"आजोबा, झाले दहा. वाचू?" नातीने विचारले. वाचता वाचता ती म्हणाली, "ग्लिस्टेन."

मी हसलो नाही. तिला जवळ घेतले आणि त्या मुक्या 'टी'ची गोष्ट सांगितली; आत्याचीही सांगितली. मग म्हटले, "आता खाली मराठीत अकरावा शब्द लिही. हळद."

"पण त्यात जी-एल नाही. बाई चूक देतील!"

"देऊ देत," मी म्हटले. "तू लिही."