एका दुभाष्याचा शोध

सतराव्या शतकातील गोमंतकीय ख्रिस्ती मराठी वाङ्मयावर काम करीत असताना मला काही पोर्तुगीज कागद वाचून घेण्याची गरज पडली. फ्रेंच आणि जर्मनचे जाणकार पुण्या-मुंबईत मिळू शकतात. मॅक्स म्यूलर भवन किंवा रानडे इन्स्टिट्यूटमधील वर्गांतून ते घडत आले आहेत. पोर्तुगीजचा जाणकार मात्र ओळखीपाळखीतून शोधावा लागतो. मला एक हुशार तरुण भेटला. व्यापारी बैठकांत तो दुभाषी म्हणून काम करी. त्याचे अस्खलित बोलणे ऐकून मी निर्धास्त झालो. दर शब्दावर ठरला. मूळ मजकुराच्या की मराठीच्या, हे विचारायचे मला सुचलेच नाही. प्रत्यय पोटात घेणाऱ्या मराठीत शब्द कमी भरतात, हे त्यानेच पुढे हसत सांगितले.

अनुवाद वाचनीय होता. मात्र त्यात फादर स्टीफन्स यांचे व्याकरण 'कानडी'चे ठरले होते. मूळ शब्द 'कानारीं'. 1640 मध्ये रायतूर येथे छापलेल्या त्या व्याकरणाच्या नावातच तो आहे आणि तेथे त्याचा अर्थ कोंकणी. हा ग्रंथ मला ठाऊक होता, म्हणून चूक दिसली. जे ठाऊक नव्हते त्याचे काय? एका वाक्यात मिशनऱ्यांनी लोकभाषेला 'मराठी' म्हटल्याचे होते आणि त्यावर मी अख्खे प्रकरण उभे केले होते.

अखेर 1961 पूर्वी पणजीच्या लिसेवमध्ये शिकलेले एक वृद्ध वकील भेटले. लेखी अनुवाद करण्यास त्यांनी नकार दिला. ते मोठ्याने वाचत, थांबत, एखाद्या शब्दावर बोट ठेवून बराच वेळ गप्प बसत. दोन दुपारी आम्ही अकरा पानांवर घालवल्या. 'माझ्या' वाक्यापाशी ते म्हणाले, "अहो, इथं भाषेचं नाव नाहीच. 'लिंग्वा द तेर्रा' म्हणजे इथली भाषा, एवढंच."

तरुणाला दोष देणे मला जमले नाही. मी मराठीचा अभ्यासक आहे, हे काम सोपवतानाच मी त्याला सांगितले होते. अडलेल्या जागी त्याने माझ्या सोयीचा शब्द घातला. (आपल्या प्रबंधांत अनुवादकाचे आभार टंकलेखकाच्या शेजारी मानले जातात, त्यालाही कामाचे मोल तेवढेच वाटले असल्यास नवल नाही.)

ते प्रकरण मी काढून टाकले. आता कोणालाही काम देताना आधी एकच पान देतो, आणि समासात शंकांच्या खुणा मागतो. एकही खूण नसलेले पान परत आले, की दुसरा माणूस शोधू लागतो.