किल्लारीचे दोन दिवस

लातूरहून औशाच्या वाटेने दक्षिणेस सुमारे ४० किलोमीटर गेले, म्हणजे किल्लारी लागते. सभोवार काळी जमीन, जवळच तेरणा नदी. गावाचे नाव निघताच वाचकांस १९९३ चा भूकंप आठवावा, हे स्वाभाविकच होय. परंतु सप्टेंबरात येथे दोन दिवस पाठोपाठ येतात. १७ तारखेस मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचा ध्वज चढतो. ३० तारखेस भूकंपातील मृतांच्या स्मारकापाशी फुले वाहिली जातात. या दोहोंचा एकत्र विचार केल्यावाचून येथील देशाभिमान कळावयाचा नाही.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी हा प्रांत निजामाच्या अमलाखालीच होता. रझाकारांचा उपद्रव शिगेस पोहोचल्यावर १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरले व १७ रोजी निजामाने शरणागती पत्करली. या लढ्याचे अग्रणी स्वामी रामानंद तीर्थ. त्यांचा जन्म विजापूर प्रांती सिंदगीचा, म्हणजे कानडी मुलखातला. परंतु किल्लारीच्या शेजारच्या तालुक्यातील हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत ते मुख्याध्यापक झाले आणि मराठवाड्याने त्यांस आपले मानले. आज त्यांस परका कोण म्हणेल?

येथील समाजच असा मिसळून घडलेला आहे. लिंगायत घरांत बसवेश्वरांची जयंती होते. त्यांची वचने कानडी, परंतु घरची भाषा मराठी. त्याच पंथाच्या मन्मथस्वामींनी ‘परमरहस्य’ मराठीत रचले. निजामाच्या काळी उर्दू सक्तीची म्हणून जाचली. तरी शेतकऱ्यास ‘कास्तकार’ म्हणण्यात आज कोणास कमीपणा वाटत नाही. भाषा दंडुक्याने लादली तर सलते. सहवासाने आली तर मुरते.

म्हणूनच मुक्तिदिनाच्या उत्सवात एक गोष्ट विसरू नये. रझाकारांचे अत्याचार जितके खरे, तितकेच पोलीस कारवाईनंतर निरपराध मुसलमान कुटुंबांवर कोसळलेले संकटही खरे. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने सर्वाधिक पोळलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद गणला आणि किल्लारी तेव्हा त्याच जिल्ह्यात होती. शेजाऱ्यास घरात कोंडून घेणे भाग पडावे, असा उत्सव राष्ट्राचा कसा?

याचे उत्तर दुसऱ्या दिवसात आहे. १९९३ साली अनंतचतुर्दशीस गणपती विसर्जन करून लोक निजले आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी धरणी कापली. दगडमातीच्या जाड भिंती व वरचे जड माळवद, हेच निजलेल्यांच्या अंगावर आले. किल्लारी व आसपासच्या गावांतून सुमारे आठ हजार माणसे गेली. ढिगाऱ्याने जात विचारली नाही; उपसणाऱ्यांनीही विचारली नाही. देशभरातून मदत आली. भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुले शिक्षणासाठी पुण्यास नेली. गाव नव्या जागी वसले. तेथे नव्या घरांपेक्षा कठीण काम होते ते नव्या शेजाराचे. जुनी आळी मोडली होती, ती पुनः माणसांनीच जोडावयाची होती.

वाचकांनी सप्टेंबरअखेर मुलाबाळांसह येथे अवश्य जावे. नीलकंठेश्वराचे दर्शन घ्यावे, जुन्या गावठाणात क्षणभर मौन धरावे आणि मुलांस दोन्ही दिवसांची कथा सांगावी. ध्वजास वंदन करणे सोपे आहे; ज्या हातांनी एकमेकांस मातीतून ओढून काढले, ते हात पुढेही सोडू नयेत, एवढेच व्रत कठीण. आमच्या मते देशभक्ती म्हणतात ती हीच.